पार्सलं मोजलीत, रुपये मोजलेत का?

पत्राचा गोषवारा

बडोद्याच्या वासणा रोड भागातून एका ६८ वर्षांच्या निवृत्त गृहस्थांचं लांबलचक पत्र आलं आहे. त्यांचं बालपण दांडिया बाजारातल्या वाड्यात गेलं, दोन खोल्यांत नऊ माणसं. वडील कारकून. थोरल्याची पँट धाकट्याला, पाठ्यपुस्तकं पुढच्या भावंडाला, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, कॉलर झिजली की ती उलटवून पुन्हा शिवलेले शर्ट. वडिलांची जमाखर्चाची वही त्यांनी अजून जपून ठेवली आहे, तशाच दोऱ्या आणि चपटी केलेली खोकीही. आता ते पत्नीसह मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतात. मुलगा आणि सून दोघंही नोकरी करतात, नातू अकरा वर्षांचा आहे. घरी रोज पार्सलं येतात. गेल्या महिन्यात त्यांनी ती मोजली, २३ भरली. (त्यातली तीन त्यांच्याच औषधांची होती, हे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं आहे.) फोन, टीव्ही, बाइक, सगळं हप्त्यांवर. आमच्या वेळी कोणी कर्ज काढत नसे, असं त्यांचं म्हणणं आहे. मध्यंतरी मिक्सर बंद पडला. त्यांनी तो रावपुऱ्यात नेऊन ८० रुपयांत कपलर (भांडं मोटरीला जोडणारा भाग) बदलून आणला, तर घरी येईपर्यंत नवा मिक्सर मागवून झाला होता. शब्दाला शब्द वाढला आणि मुलगा म्हणाला, "बाबा, तुमच्या काळात काही मिळतच नव्हतं, म्हणून तुम्ही काटकसरी." हे वाक्य त्यांना लागलं आहे. दांडिया बाजारातलं घर अजून कुटुंबाकडे आहे, बंद आहे. तिथे जाऊन दोघांनी आपल्या पद्धतीने राहावं, असं त्यांच्या मनात आहे. "सौभाग्यवती मात्र ऐकत नाही, ती त्यांच्याच बाजूची झाली आहे." मुलाला समजवावं कसं, की सरळ वेगळं व्हावं, असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर

काका, मिक्सरच्या भांडणात तुमचं बरोबर होतं, हे आधी सांगून टाकते. कपलर हा झिजण्यासाठीच असलेला भाग. तो गेला म्हणजे मिक्सर गेला असं होत नाही, आणि ८० रुपयांत काम होत असताना नवा मागवायचं कारण नव्हतं. पण त्या ८० रुपयांच्या बळावर तुम्ही जिथवर जाऊन पोहोचलात, म्हणजे आपली पिढी शहाणी, मुलाची उधळी, आणि उपाय काय तर दांडिया बाजार, तिथवर मी तुमच्याबरोबर येऊ शकत नाही.

मुलाचं वाक्य उद्धट होतं. अगदी खोटं मात्र नव्हतं. तुमच्या तरुणपणी स्कूटर हवी तर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. टेलिफोनचं तेच, गॅसचंही तेच. पगार हातात पडला तरी तो उडवायला दुकानांत फारसं काही नसे. ज्याच्यासमोर मोहाची वस्तूच नव्हती, त्याने मोह आवरला असं कसं म्हणायचं? अर्थात सगळंच सक्तीचं नव्हतं. झिजलेली कॉलर अलगद उसवून, उलटी करून, शिवण दिसू न देता पुन्हा बसवायची, याला नजर लागते, हात लागतो. त्यात कसब होतं आणि अभिमानही होता. फक्त त्या काटकसरीतला किती भाग स्वभावाचा आणि किती परिस्थितीचा, हे आज वेगळं काढणं तुम्हालाही जमणार नाही. मुलाने तर ती परिस्थिती पाहिलेलीच नाही.

आणि पूर्वी कोणी कर्ज काढत नसे, हे कोणी सांगितलं? निदान बडोदेकराने तरी असं म्हणू नये. विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने अन्योन्य सहकारी मंडळी इथे उभी राहिली ती १८८९ मध्ये, सयाजीरावांच्या राज्यात. देशातल्या अगदी सुरुवातीच्या सहकारी पतसंस्थांत तिचं नाव घेतलं जातं. सावकाराच्या तावडीतून सुटायला लोकांनी ती काढली होती. बँक ऑफ बडोदा यायला तेव्हा अजून १९ वर्षं होती, ती १९०८ ची. म्हणजे या शहराला कर्जाची गरज तेव्हाही होती, इतकी की त्यासाठी संस्था काढावी लागली. लग्न, मुंज, बाळंतपण, आजारपण. मुलीच्या लग्नासाठी काढलेलं कर्ज आपण कर्तव्याच्या खात्यात टाकतो आणि मुलाच्या टीव्हीचा हप्ता उधळपट्टीच्या खात्यात. हा हिशेब आपल्या सोयीचा आहे.

वडिलांची वही जवळच आहे ना? पुन्हा एकदा काढा. या वेळी बचतीच्या ओळी शोधू नका, 'उसने', 'पेढीस दिले', 'गहाण' असे शब्द शोधा. सापडतील असा माझा होरा आहे. सापडले तर ते पान मुलाला दाखवा. आजोबा कुठे अडकले होते आणि कसे सुटले, हे ऐकायला कोणालाही आवडतं. आजोबा किती शहाणे होते हे ऐकायला सहसा कोणी बसत नाही.

त्या काळाने बचतीला साथही दिली. १९८६ पासून २००० च्या सुरुवातीपर्यंत पीपीएफ या सरकारी बचत योजनेवर १२ टक्के व्याज होतं. बाजूला टाकलेला रुपया सहा वर्षांत दुप्पट. एप्रिल २०२० पासून तो दर ७.१ टक्के आहे, म्हणजे त्याच रुपयाला दुप्पट व्हायला दहा वर्षं. महागाईही तेव्हा जास्त होती, १९९१ मध्ये तर दोन आकडी, त्यामुळे प्रत्यक्षात हाती किती उरलं हा हिशेब वेगळा. पण पासबुकातला आकडा वाढताना डोळ्यांना दिसायचा. बायकोच्या गळ्यात एक पदर वाढलेला दिसायचा. बचत दिसत होती.

आता उलटं झालं आहे. खर्च खोक्यात बसून दारात येतो आणि बेल वाजवतो. बचत कुठेच दिसत नाही. मूळ वेतनाचे १२ टक्के भविष्य निर्वाह निधीत पगार हातात यायच्या आधीच गेलेले असतात. एखादी एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक, महिन्याच्या पाच तारखेला गुपचूप वळती होते. फ्लॅटचा हप्ता जातो, तो एका परीने बचतच असतो. तुमच्या घरात यातलं काय काय आहे हे तुम्हाला ठाऊक आहे का? पत्रात तसा एकही आकडा नाही. २३ पार्सलं तेवढी आहेत. तुमच्या गोळ्या, नातवाच्या शाळेसाठी रंगीत कागद, पाच किलो कणीक आणि साठ हजारांचा फोन, तुमच्या यादीत या सगळ्यांना एकेक रेघ मिळते. वडिलांच्या वहीत असा हिशेब कधीच चालला नसता.

आता पत्रातली मला सगळ्यांत खटकलेली जागा. तुमचे वडील पानोपानी आहेत. त्यांची वही, त्यांची आयुष्यभर वापरलेली सायकल, कागदाची कोरी बाजू वाया न घालवण्याची त्यांची सवय. आई एका ओळीत आहे, गोधडीपाशी. तुम्ही मांडलेली काटकसरीची यादी पुन्हा वाचा आणि प्रत्येक ओळीपुढे लिहा, हे हाताने कोण करत होतं. कॉलर कोण उसवत होतं? वर्षाचे गहू निवडून, एरंडेलाचा हात लावून कोठीत कोण भरत होतं? पापड, कुरडया, शेवया, नऊ माणसांचं पाणी, नऊ माणसांचं धुणं? वडिलांनी पैशांचा जमाखर्च लिहिला. आईचे तास त्या वहीत कुठल्याच बाजूला नाहीत. घर थोड्या पैशांत भागत होतं याचं एक मोठं कारण असं की घरातलं एक माणूस पहाटेपासून रात्रीपर्यंत बिनपगारी राबत होतं.

मग सौभाग्यवतींकडे या. त्या 'त्यांच्या बाजूच्या झाल्या' हे तुम्ही ठरवलंत कशावरून? दांडिया बाजारात परत जायला त्या नाही म्हणाल्या, एवढ्यावरून. वाड्याचे उभे जिने, पाण्याच्या वेळा, जुनी मोरी, आणि साठी उलटल्यावर हे सगळं पुन्हा रोज. तुमच्या 'आपल्या पद्धतीने राहण्यात' तुमच्या वाट्याला काय येणार आणि त्यांच्या वाट्याला काय, हे बोललात का? त्यांना विचारलंत, की नुसतं सांगितलंत? फ्लॅटमध्ये निवडलेली भाजी दारात येते, जड सामान वर आणावं लागत नाही, दुपारचे दोन तास त्यांचे स्वतःचे उरतात. तुम्हाला जे पार्सल दिसतं, ती त्यांची दुपारची झोप असू शकेल. हा माझा अंदाज. खरं उत्तर तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेलं आहे.

या सदराला येणाऱ्या टपालात 'आमच्या वेळी' अशी सुरुवात बहुधा पुरुष करतात. त्याच पिढीच्या बायका लिहितात तेव्हा वाक्य बरेचदा 'आमच्या वेळी हे असतं तर' असं असतं.

यावरून मुलगा बरोबर, असा अर्थ मात्र काढू नका. त्याच्या खिशातलं दुकान मंगळ बाजारातल्या दुकानासारखं नाही. मंगळ बाजारातला दुकानदार कितीही ओरडला तरी रात्री साडेअकराला उशाशी येत नाही, आणि मागच्या खेपेला तुम्ही कुठल्या वस्तूपाशी घुटमळला होता हे लक्षात ठेवत नाही. 'फक्त दोन शिल्लक', 'ऑफर संपायला सात मिनिटं', न मागता ॲपच्या टोपलीत येऊन बसलेली वस्तू, सुरू करायला सोपी आणि बंद करायला जिकिरीची वर्गणी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ क्लृप्त्यांची यादी देऊन त्यांना मनाई केली. मनाई झाली म्हणून त्या थांबल्या असं कोणी समजू नये. मुलाचा संयम कमी आहे असं म्हणण्याआधी हे पाहा, की तुमच्या वडिलांच्या संयमाची जेवढी परीक्षा वर्षभरात होत असेल, तेवढी याची एका आठवड्यात होते.

हप्त्यांबद्दल मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. इथे मुलाशी आकड्यांत बोला. 'नो कॉस्ट ईएमआय' घ्या. ३०,००० रुपयांचा फोन, ५,००० चे सहा हप्ते. वरवर पाहता एक पैसा जास्त नाही. पण बँक आपलं व्याज लावतच असते. समजा दर १५ टक्के असेल, तर ते साधारण १,२७० रुपये होतं. तेवढी सूट आधी देऊन विक्रेता ते भरून काढतो. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, सुमारे २२९ रुपये, ग्राहकाने भरायचा, वर प्रक्रिया शुल्क वेगळं. आणि एकरकमी पैसे देणाऱ्याला जी सवलत मिळाली असती ती बरेचदा हातची जाते. शून्य टक्के व्याज अशी काही चीजच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं.

तरी ही गोष्ट काही शे रुपयांची. खरी गोम क्रेडिट कार्डात आहे. एखाद्या महिन्यात पूर्ण बिल न भरता नुसती 'किमान रक्कम' भरली, तर उरलेल्या पैशांवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज चढतं, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास. कवठेकरांनी ज्या सावकारांना वैतागून मंडळी काढली, त्यांचीच आठवण यावी असा हा दर आहे. मुलाला एकच प्रश्न विचारायची मुभा असेल तर हा विचारा: कार्डाचं बिल दर महिन्याला पूर्ण भरतोस ना? हो म्हणाला तर तुमची निम्मी काळजी मिटली, मग २३ काय आणि ४३ काय.

आता वेगळं होण्याचं. वेगळं राहणं वाईट नाही, कित्येक घरांत त्याने नाती सुधारली आहेत. पण मुलाला धडा शिकवायला म्हणून घर बदलू नका. दोन घरं म्हणजे दोन वीजबिलं, दोन फ्रिज, दोन गॅस. काटकसरीच्या नावाखाली खर्च दुप्पट करायचा, यातली गंमत तुमच्यासारख्या हिशेबी माणसाच्या लक्षात यायला हवी होती. पत्नीला मनापासून जावंसं वाटत असेल, जिना झेपत असेल, तर एक हिवाळा राहून पाहा. नाहीतर भावंडांशी बोलून त्या घराचं काय करायचं ते ठरवा. वेरा (घरपट्टी) भरायचा, पावसाळ्यात गळतं म्हणून कौलं शाकारायची आणि वर कुलूप लावायचं! काटकसरीच्याच चष्म्यातून बघायचं तर तुमच्या घराण्यातली सगळ्यांत मोठी उधळपट्टी हे बंद घर असावं.

दुसरी वाट गप्प बसण्याची. ती तुम्हाला झेपणार नाही. तुमच्यासारखी माणसं गप्प बसली की घरात भांडी जोरात आपटतात.

राहिली बसून बोलण्याची वाट. बोलताना मुलाचा पगार विचारू नका. चार आकडे मागा: सगळ्या हप्त्यांची महिन्याची बेरीज, कार्डावर थकबाकी असेल तर ती, नोकरी गेली तर घर किती महिने चालेल एवढी शिल्लक (सहा महिने असेल तर उत्तम), आणि सगळ्यांचा मिळून आरोग्यविमा किती. त्याआधी तुमचे आकडे त्याच्यासमोर ठेवा. तुमचं पेन्शन, ठेवी, कुठल्या खात्याला कोणाचं नाव लावलंय ते. स्वतःची वही झाकून दुसऱ्याची मागितली तर ती चौकशी वाटते. त्याने सांगितलं नाही तरी अडून बसू नका. प्रश्न कानावर गेले की माणूस रात्री स्वतःशी बेरीज करतोच.

विम्याचा आकडा मुद्दाम मागते आहे. मिक्सर किंवा टीव्हीने बसणाऱ्या घरांपेक्षा इस्पितळाच्या एका बिलाने बसणारी घरं जास्त. वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला आहे. तुम्ही सत्तरीचे झालात की आयुष्मान योजनेचं ज्येष्ठांचं कार्ड काढून घ्या. त्याला उत्पन्नाची अट नाही, आणि वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण मिळतं.

घरात एक खातं मागून घ्या: दुरुस्ती. "काही बंद पडलं की दोन दिवस माझ्याकडे. मला जमलं नाही तर खुशाल नवं मागवा." याला सून सहसा नाही म्हणणार नाही, कारण यात तिच्या खर्चावर टीका नाही आणि तिचं एक काम कमी होतं आहे. केंद्र सरकारचं 'राइट टू रिपेअर' पोर्टल डिसेंबर २०२२ पासून चालू आहे. कंपन्यांची सेवा केंद्रं, सुटे भाग, वॉरंटी यांची माहिती तिथे मिळते. हट्ट मात्र करू नका. पॅनेल गेलेला टीव्ही दुरुस्त करायला नेलात तर नव्याच्या जवळपास पैसे मागतील. शर्ट शिवून घेणं आज तयार शर्टापेक्षा महाग पडतं. जपून ठेवलेल्या दोऱ्या आणि चपट्या केलेल्या खोक्यांबद्दलही माझं मत फारसं बरं नाही. ती जागा खातात, झुरळं पोसतात, आणि विश्वामित्री नदीचं पाणी २०२४ च्या ऑगस्टमध्ये घराघरांत शिरलं तेव्हा असलं कित्येकांचं जपलेलं दोन दिवसांत रस्त्याकडेला आलं.

मुलाला सुचवण्यासारख्या तीन गोष्टी आहेत, आणि त्या सगळ्यांच घरांना चालतील. खरेदीच्या ॲपमधून कार्डाची साठवलेली माहिती काढून टाकायची, म्हणजे दर वेळी पाकीट शोधायला उठावं लागतं. त्या उठण्यातच काही खरेद्या गळतात. निकडीचं नसेल ते रविवारपर्यंत टोपलीतच राहू द्यायचं. आणि यूपीआयच्या ऑटोपेमध्ये काय काय चालू आहे ते एकदा उघडून बघायचं. न पाहिल्या जाणाऱ्या मालिकांची आणि न गेलेल्या जिमची वर्गणी तिथे हमखास सापडते. जुनं ते सगळं गेलं असंही नाही. नवरात्रात पूर्वी मावस-चुलत बहिणींत फिरणाऱ्या चणियाचोळ्या आता भाड्याने मिळतात, आणि तरुण मुली त्या बिनदिक्कत आणतात. ही काटकसरच आहे, फक्त तिला उपदेश चिकटलेला नाही.

नातवाला आजोबांच्या सायकलची गोष्ट सांगू नका. त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर द्या आणि पुढची बंद पडलेली वस्तू त्याच्याकडून उघडवून घ्या. बिघडली तर बिघडू दे, बंदच होती.

ज्या मुला-सुनांच्या घरी असे काका आहेत, त्यांनाही दोन शब्द. तुमची बचत त्यांना दिसत नाही, म्हणून ते घाबरतात. कधीतरी आपणहून एक आकडा सांगा. आणि त्यांनी दुरुस्त करून आणलेली वस्तू पंधरा दिवस तरी वापरा. नवा मिक्सर परत पाठवता येत होता.

काका, बोलायला बसाल तो दिवस दिवाळीच्या सेलच्या आधीचा निवडा. सेल झाल्यावर बिलं आलेली असतात, मग बोलण्याचा खटला होतो. रविवारी सकाळी बसा, सौभाग्यवतींनाही बरोबर घ्या, आणि पहिल्यांदा त्यांना बोलू द्या.